आपा, आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं

आपा,

परवा तुमची तिसऱ्या दिवसाची फातेहा झाली. उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या घरी पुढची खोली बायकांनी भरली होती. तुमच्या सुनेनं, निलोफरनं, मला स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला आणि हळूच विचारलं, "बाई, अम्मी आणि तुम्ही इतकी वर्षं नेमकं कशावरून भांडत होतात? घरी आल्या की म्हणायच्या, आज मंगलशी पुन्हा वाजलं. आणि हसायच्या."

मला सांगता आलं नाही. "शाळेवरून," एवढंच म्हणाले. तिनं मान हलवली. तिला वाटलं असेल, सुट्ट्या, वेळापत्रक, कुणाला कोणता वर्ग, असलं काहीतरी. घरी आल्यावर ते एकच उत्तर डोक्यात फिरत राहिलं. शाळेवरून भांडायचो हे खरं, पण त्यात आपण दोघींनी काय काय पणाला लावलं होतं ते निलोफरला कसं सांगणार? म्हणून तुम्हालाच लिहितेय. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी लिहितेय.

तुम्ही आमच्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका, मी चौथीची बाई. तुम्ही खुलताबादच्या, मी सोयगावकडची. तुमचं मराठी माझ्याहून शुद्ध होतं आणि ते तुम्ही मला ऐकवल्याशिवाय राहायच्या नाहीत. मी वर्गात "लई" म्हणाले की दारातून आवाज यायचा, "मंगल, पुस्तकात 'खूप' लिहिलंय." मग शिपायाशी बोलताना तुम्ही दख्खनीत शिरायच्या, आणि मी म्हणायचे, "आपा, पुस्तकात हे कुठंय?" शाळेचा पट मोठा, शिक्षक कमी. दोन वर्ग एकत्र बसवायचे, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. तिसरी-चौथी माझ्याकडंच असायची. एका भिंतीला तिसरीचं तोंड, दुसऱ्या भिंतीला चौथीचं, मधे मी.

अशा शाळेत तो अभ्यासक्रम आला. परदेशी मंडळाचा. मोठ्या शहरांत ज्या शाळांच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते, तिथं शिकवतात तो. एका संस्थेनं त्याचा खर्च उचलायचं ठरवलं होतं आणि काही वर्षांसाठी एक सरकारी शाळा निवडायची होती. तुम्ही संस्थेकडं तीन वेळा जाऊन आपलं नाव पुढं केलंत, हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मी तुमच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"आपा, माझ्या वर्गातल्या निम्म्या लेकरांना जोडाक्षर वाचता येत नाही. संडासाला कडी नाही. आणि तुम्ही परदेशातून पुस्तकं मागवताय?"

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "मंगल, बंगल्यातल्या पोरांनी विचार करायला शिकायचं आणि आपल्या पोरांनी पाढे पाठ करायचे, ही वाटणी कुणी केली? मला नाव सांग त्याचं. मी जाऊन भेटते."

"आधी भाकरी, मग बाकीचं."

"असं म्हणून म्हणून आपण 'बाकीचं' कधी वाढलंच नाही त्यांना."

त्या दिवशी तुम्ही जिंकलात असं मी धरलं नाही, पण मुख्याध्यापिका तुम्ही होतात. पुस्तकं आली. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, वास असा की पोरं पानाला नाक लावून बसायची. प्रशिक्षण झालं. पुण्याहून समन्वयक यायला लागले. भला माणूस होता, पण दर वाक्यात 'चौकट' म्हणायचा. हे चौकटीत बसतं, ते बसत नाही.

पहिलाच मोठा विषय पाण्याचा होता. पुस्तकात पोहण्याच्या तलावाचं चित्र, त्याखाली प्रश्न: तुम्ही पाण्याचा आनंद कसा घेता? मी तो वर्गात वाचला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आरती नावाची गवंड्याची पोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमच्याकडं पानी आलं की आम्ही शाळेत नसतो."

मी ते पुस्तक घेऊन तुमच्याकडं आले. मनातून मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आता आपांना कळेल, असं वाटत होतं. तुम्ही चित्र बघितलंत, आरतीचं वाक्य ऐकलंत. मग म्हणालात, "चित्र चुकीचं आहे. विषय चुकीचा नाही. तू प्रश्न बदल."

"बदलायचा अधिकार आहे का आपल्याला?"

"विचार करायला शिकवा म्हणतात ना? मग आपण केला."

मी फळ्यावर लिहिलं: आपल्या गल्लीत पाणी कधी येतं आणि कुठं जातं? तिथून पुढं ती लेकरं माझ्या हातात राहिली नाहीत. कुणाच्या घरी किती ड्रम, पाणी आलं त्या दिवशी कोण कामाला जात नाही, कोणत्या पोरी शाळा बुडवतात, सगळं विचारून आली. गल्लीचा नकाशा काढला, चढावरची घरं लाल रंगवली. पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठून इतकं छळलं की तो शाळेत तक्रार घेऊन आला. "मॅडम, मेरे हात में चाबी है, पानी थोडीच है!" तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि पोरांना आत बोलावलंत. म्हणालात, "आता नीट विचारा. अदब से."

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरवलं. साहेब लोक आले, पाणीपुरवठ्याचेही. आरतीनं नकाशापुढं उभं राहून, काठी फिरवत, सगळं सांगितलं. कुठंही अडखळली नाही. शेवटी तिनं साहेबांना विचारलं, "पानी कमी हाय हे कळलं. पण कवा येणार ते आदल्या दिवशी का सांगत नाय?" साहेब हसले, मग हसायचे थांबले. त्यानंतर पाणी काही वाढलं नाही. पण कधी येणार ते आदल्या दिवशी गल्लीत कळायला लागलं. आयांना कामावर खाडा सांगून ठेवता यायला लागला. पोरी शाळेत दिसायला लागल्या.

त्या संध्याकाळी शाळा रिकामी झाल्यावर मी नकाशे भिंतीवरून काढत होते आणि तुम्ही मागं येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, आता टोमणा येणार. तुम्ही फक्त म्हणालात, "राहू दे भिंतीवर." माझा विरोध तिथंच विरघळला, आपा. मी तुम्हाला तसं कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला कळलं असणार.

आणि नेमकं तेव्हाच ती गाडीची भानगड झाली.

आरतीची आई एके सकाळी शाळा उघडायच्या आधीच ओट्यावर बसली होती. भावाचं लग्न होतं, सोयगावला. नवरा कामावर बाहेरगावी, म्हणून पोरीला घेऊन ती एकटीच निघाली. तिला स्वतःला वाचता येत नाही. स्टँडवर तिनं आरतीला पाटी वाचायला सांगितली. आरतीनं लांबून 'गाव' ओळखलं, त्याआधीची अक्षरं अंदाजानं धरली आणि म्हणाली, "हीच." ती गाडी शेवगावची होती. गर्दीत आईनं सोयगाव म्हटलं, कंडक्टरनं शेवगाव ऐकलं, तिकीट फाडलं. पैठण आलं तेव्हा बाईच्या लक्षात आलं की आपण भलतीकडंच चाललोय. उतरून, परत येऊन, दुसरी गाडी धरून पोचेपर्यंत भावाची हळद उरकली होती.

"बाई, पोरगी लई बोलती," ती म्हणाली. "घरात सारखं का, कशापायी, कुटून. शेजारपाजारचे म्हणतेत, हुशार हाय. म्या बी म्हणलं व्हय. पर पाटी वाचता येत नाय तिला. पाचवीत गेली, बाई. मंग तुमी शिकवता काय?"

आवाज चढवला नव्हता तिनं. म्हणून जास्त लागलं. तुम्ही दारात उभ्या राहून ऐकत होतात. आरती आईच्या मागं उभी होती. तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "बाई, दोन्ही गावांची नावं सारखीच का ठेवली?" आई तिच्यावर हात उगारणार, तेवढ्यात तुम्ही मधे आलात.

त्या गेल्यावर तुम्ही खोलीत बसून राहिलात. मी आत आले. मला म्हणता आलं असतं, मी सांगितलं होतं ना, आधी भाकरी. मी म्हणाले नाही, कारण आता तो अभ्यासक्रम माझाही झाला होता. तुम्हीच म्हणालात, "प्रश्न विचारायला शिकवलं आपण. उत्तर कुठं लिहिलंय ते वाचायला नाही शिकवलं." आणि पदरानं डोळे पुसले. इतक्या वर्षांत तुम्हाला रडताना मी तेवढं एकदाच बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून परिपाठानंतरचा पहिला तास सगळ्या शाळेचा वाचनाचा झाला. गुडघे दुखत असताना तुम्ही सतरंजीवर बसायच्या, आणि ज्यांना वाचता येत नाही ती पोरं स्वतःकडं घ्यायच्या. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या पाट्या, साबणाची वेष्टनं, जे मिळेल ते. समन्वयकांनी पुढच्या खेपेला हे बघितलं आणि अवघडून म्हणाले, "मॅडम, हे मोठ्यानं वाचून घेणं आपल्या चौकटीत बसत नाही."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "सर, तुमच्या चौकटीत आमची आरती मावत नाही. थोडी रुंद करा."

केली त्यांनी. आरती दिवाळीच्या सुट्टीआधी वाचायला लागली. तिच्या आईनं तुमच्यासाठी शेंगा आणल्या होत्या, आठवतं? तुम्ही सगळ्या शाळेत वाटल्यात आणि मला फक्त टरफलं मिळाली म्हणून मी दिवसभर कुरकुरत होते.

आता त्या बैठकीविषयी. हे तुमच्याशी कधीच धड बोलून झालं नाही.

संस्थेची मुदत संपली. ते लोक दुसऱ्या जिल्ह्यात निघून गेले. पण आपल्या शाळेचं नाव झालं होतं आणि वरच्या साहेबांना ती दाखवायला हवी होती. आदर्श शाळा करायचं ठरलं. परदेशी मंडळाचं शुल्क सरकार भरणार होतं. मंडळाच्या अटी मात्र पुऱ्या करायच्या: प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा. बैठकीला तुम्ही मला बरोबर नेलंत. मी इस्त्रीची साडी नेसून आले होते. प्रत्येक वर्गाला एक शिक्षक! मला त्या खुर्चीवर नीट बसवत नव्हतं, इतका आनंद झाला होता.

तुम्ही विचारलंत, "शिक्षक कुठून आणणार, साहेब?"

"समायोजन करू. नाल्यापलीकडच्या शाळेतून घेऊ. तिथला पट तसाही कमी होतोय."

"तिथं आहेतच किती जण?"

साहेबांनी कागद चाळल्यासारखं केलं. तुम्हाला उत्तर माहीत होतं. मलाही माहीत होतं. तिथले घेतले असते तर त्या शाळेत सगळे वर्ग एका बाईच्या गळ्यात पडले असते.

तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "साहेब, पलीकडच्या शाळेतले गुरुजी उचलून माझी शाळा आंतरराष्ट्रीय होणार असेल, तर माझी सरकारीच राहू द्या."

साहेब म्हणाले, "मॅडम, विचार करा. अशी संधी परत येत नाही." तुम्ही म्हणालात, "विचार करायलाच शिकलो आम्ही तुमच्या अभ्यासक्रमात." आणि उठलात.

रिक्षात मी तुमच्यावर तुटून पडले. "आपल्या लेकरांच्या ताटातला घास काढलात तुम्ही."

"पलीकडची कुणाची लेकरं आहेत?"

"ती शाळा आज ना उद्या बंद पडणारच आहे."

"मग मी तिला धक्का देऊ?"

"एक तरी सरकारी शाळा अशी होऊ द्यायची होती, आपा. एक दिसली की लोक दुसरी मागतात. तुम्हीच म्हणायचात ना, ही वाटणी कुणी केली? मग आज तुम्हीच केलीत वाटणी. आपल्या पोरांना कमी दिलंत."

"एक शाळा पाहुण्यांना दाखवायला आणि बाकीच्या झाकायला. हेच होतं, मंगल. मी पाहिलंय."

"तुम्ही घाबरलात."

हे बोलल्यावर तुम्ही बाहेर बघायला लागलात. रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर उतरना है?" मी म्हणाले शाळा, तुम्ही म्हणालात उस्मानपुरा. तो बिचारा गाडी बाजूला घेऊन आपलं ठरायची वाट बघत बसला.

आधी तुम्ही अभ्यासक्रम आणायला निघालात आणि मी आडवी आले. नंतर तो राखायला मी निघाले आणि तुम्ही आडव्या आलात. लोकांना हे सांगितलं की ते हसतात. आपल्याला तेव्हा हसू आलं नव्हतं. बरेच दिवस आपण कामापुरतं बोललो. मग एका सकाळी तुम्ही खुलताबादहून आलेली सीताफळं माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "लई गोड आहेत." तुम्ही 'लई' म्हणालात! मी मान वर केली तर तुम्ही दारातून निघून गेल्या होतात.

परदेशी मंडळाची पाटी उतरली. पुस्तकं कपाटात गेली, पण कपाटाला तुम्ही कुलूप लावू दिलं नाहीत. प्रश्न बदलून घ्यायची सवय राहिली, वाचनाचा तास राहिला. नाल्यापलीकडच्या शाळेच्या बाईंना तुम्ही महिन्यातून एकदा बोलावून घ्यायच्या आणि आपण केलेले सगळे विषय त्यांना समजावून द्यायच्या. त्यासाठी कुणाला शुल्क भरावं लागलं नाही. पण तेवढ्यानंही ते शिकवणं पुरं झालं नाही, आपा. एका बाईकडं दोन वर्ग असले की पोरांना नकाशा काढायला बाहेर कोण नेणार? हे मी तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही म्हणायच्या, "माहीत आहे." तेवढंच.

तुम्ही निवृत्त झालात, खुर्ची माझ्याकडं आली, तुमचं हृदय कुरकुरायला लागलं. शेवटचं भेटायला आले तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसल्या होतात. शाळेचं सगळं विचारलंत, अगदी संडासाच्या कडीपर्यंत. मग मी धीर करून विचारलं, "आपा, त्या दिवशी नाही म्हणालात, त्याचं कधी वाईट वाटलं?"

तुम्ही म्हणालात, "वाटलं. रोज वाटलं."

"मग चुकलं म्हणायचं का?"

"थांब, ते वेगळं आहे. वाईट वाटणं आणि..." तुम्हाला दम लागला. निलोफर औषध घेऊन आली. तुम्ही हातानं खूण केलीत, पुढच्या वेळी. जिना उतरताना मी मनात माझा मुद्दा नीट लावत होते. पुढच्या वेळेसाठी.

परवा फातेहाला आरती आली होती, आईबरोबर. अकरावीत आहे आता. बायकांमध्ये बसली, डोक्यावर ओढणी नीट घेतली, आणि थोड्या वेळानं निलोफरला विचारलं, "हृदय बंद पडलं म्हणजे नेमकं काय झालं त्यांना? आधी काही कळलं नव्हतं का?" तिच्या आईनं मांडीला चिमटा काढला. कुणीतरी चुकचुकलं. पण निलोफरनं तिला सगळं नीट सांगितलं, झडपेचं, औषधांचं, शेवटच्या रात्रीचं. सांगता सांगता ती पहिल्यांदा मोकळी रडली. आरती तिचा हात धरून बसली. तुमच्या शाळेतल्या पोरीनं तुमच्या घरात ते केलं, आपा, आणि मी कोपऱ्यातून बघितलं.

काल मला बैठकीचं बोलावणं आलं, आज जाऊन आले. साहेब नवीन, अभ्यासक्रम नवीन, मंडळही दुसरं. अट जवळपास तीच. एक शाळा निवडायची आहे. मी रात्रीपासून ठरवत होते. तुमच्यासारखं नाही म्हणायचं की माझ्या मनासारखं हो?

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेला अनुभव आहे. तयार आहात ना?"

मी म्हणाले, "अभ्यासक्रम पाहिजे, साहेब. सोडणार नाही. आणि शिक्षकही पाहिजेत, नवीन भरलेले. नाल्यापलीकडून आणलेले नकोत. आणि तिथंही पाहिजेत. दोन्ही शाळांना मिळणार असेल तर आमचं नाव लिहा."

"दोन्ही कसं जमायचं? एकाची तरतूद आहे."

"मग तरतूद मागा. मी तुमच्याबरोबर येते मागायला."

त्यांनी समोरची फाईल मिटली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "कळवतो" म्हणाले. कळवतील की नाही, माहीत नाही. तिसऱ्याच शाळेचं नावही लिहून मोकळे होतील.

बाहेर आले, रिक्षात बसले. हे माझं उत्तर तुम्हाला पटलं असतं का, मला ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल्या असतात, दोन्ही मागणं सोपं आहे मंगल, एकच मिळतं तेव्हा काय करणार ते सांग. मी म्हणाले असते, आपा, एकच मिळतं हे आपण आधीच धरून चालतो, तिथंच चुकतं. मग तुम्ही चष्मा काढला असता. मी शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळून बसले आणि तुम्ही काय म्हणाल्या असतात त्याला शाळा येईपर्यंत उत्तरं देत राहिले.

तुमची,
मंगल